बागायती ऊस आणि मॉन्सूनचा पाऊस



ऊस हे बागायती पीक. विहीर आहे, मोटर आहे, उपसा योजनेची पाळी आहे, तेव्हा पावसाची काळजी ज्वारी-भुईमूगवाल्याने करावी, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. शिवारफेरीला गेले की हे बोलणे आम्हास हमखास ऐकू येते. परंतु विहिरीला पाणी येते कोठून आणि धरण भरते कशाने? जिरायत शेतकऱ्याला पावसाचा फटका त्याच हंगामात कळतो. आपल्याला तो आठ-नऊ महिन्यांनी, एप्रिल-मे मध्ये कळतो, एवढाच काय तो फरक. शिवाय पाऊस नुसते पाणी देऊन जात नाही. घातलेले खत, मुळांची हवा, हुमणी, लव्हाळा आणि शेवटी उसातली साखर, या सगळ्यांत त्याचा हात असतो. म्हणून या अंकात पावसाळा आणि ऊस यांचा संबंध थोडा उलगडून सांगण्याचे योजिले आहे.

मॉन्सूनचे वारे नैर्ऋत्येकडून समुद्रावरची वाफ घेऊन येतात. सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक सगळे पाणी घाटमाथ्यावर टाकून देतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मि.मी. च्या वर पाऊस पडतो. तेच वारे डोंगर उतरून फलटणला पोहोचेपर्यंत ५०० मि.मी. च्या आसपास उरते. आपण सर्व या पर्जन्यछायेतले शेतकरी. सुरू उसाला पाटपाण्याने साधारण २,५०० मि.मी. पाणी लागते, आडसालीला ३,५०० मि.मी. पर्यंत. आपल्या शिवारातला पाऊस यात किती पुरा पडणार? बाकीचे पाणी येते ते घाटमाथ्यावरच्या पावसाचे. कोयना धरण १०५ टीएमसीचे, पण ते भरते नवजा-महाबळेश्वरच्या पावसाने. त्यातलेही बरेचसे पाणी विजेसाठी पश्चिमेला जाते. सोलापूरकडची उजनी भरते ती मावळ-मुळशीकडच्या पावसाने, सोलापूरच्या नव्हे. तेव्हा आपल्या गावात पाऊस चांगला झाला म्हणून पाण्याची ददात मिटली असे समजू नये, आणि गावात कमी झाला म्हणून लगेच हातपाय गाळू नयेत. वर्तमानपत्रात धरणाच्या साठ्याचे आकडे येतात ते ऊस उत्पादकाने जुलैपासून नेमाने बघावेत.

दुसरी गोष्ट पावसाच्या वेळेची. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशाची सरासरी ८७ सें.मी. धरली आहे. वर्षाअखेर सरासरी गाठली गेली की सरकारदरबारी पाऊसमान चांगले ठरते. पिकाला मात्र सरासरी समजत नाही. २०२३ सालचे बघा. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आडसालीच्या लागणी नुकत्याच झालेल्या, मघा-पूर्वा कोरड्या गेल्या आणि भर पावसाळ्यात मोटरी चालू ठेवाव्या लागल्या. उलट २०२५ साली मॉन्सून केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. लवकर आला म्हणून आनंद झाला खरा, परंतु ज्यांची सुरू उसाची मोठी बांधणी मे अखेरीवर ठेवलेली होती त्यांचे रान पुढे वाफशावर येईना. नक्षत्रांचे वेळापत्रक आपल्या वाडवडिलांनी अनुभवातून बसवले आहे आणि ते आम्ही टाकाऊ मानीत नाही. पण मृग ७-८ जूनला निघतो तो पंचांगात, पाऊस दर वर्षी त्याला बांधील नसतो. त्यामुळे बांधणीचे काम मृगावर न ठेवता मेच्या मध्यापर्यंत उरकलेले बरे. बांधणी झालेल्या रानात पावसाचे पाणी सरीतून वाहून जाते, ऊस लोळत नाही, आणि बांधणीबरोबर दिलेले खत मातीआड राहते.

वळीव पडला की हुमणीची आठवण ठेवावी. जमिनीत दडलेले भुंगेरे पहिल्या चांगल्या वळवाची वाट बघत असतात. पाऊस झाल्यावर संध्याकाळी दिवेलागणीला ते बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर पाला खायला जमतात. तेथेच त्यांचे मीलन होते व मादी पुन्हा जमिनीत जाऊन अंडी घालते. यातून निघालेली अळी ऑगस्ट-सप्टेंबरात उसाची मुळे कुरतडते. बेट पिवळे पडते आणि ओढले की हातात येते. तेव्हा औषधाचे डबे घेऊन धावण्यात फारसा अर्थ नसतो. वळवानंतरच्या आठ-दहा संध्याकाळी बांधावरची झाडे हलवून भुंगेरे गोळा करावेत व रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. हे काम एकट्याने होत नाही. शेजाऱ्याच्या बाभळीवरचे भुंगेरे तुमच्याच रानात उतरणार, तेव्हा सगळ्या गावाने एकाच आठवड्यात झाडे हलवावीत. हुमणीचे वर्षातून एकच पिढीचे चक्र असते, म्हणून एक संधी गेली की ती वर्षाची गेली.

आता खताकडे वळू. येथे सभासदांचा पैसा सर्वांत जास्त वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाऊस सुरू असताना युरिया फेकला की पाणी देण्याचा त्रास वाचतो, खत आपोआप विरघळते, असे म्हणून पुष्कळ जण भर पावसात पाट्या घेऊन रानात उतरतात. युरिया विरघळतो हे खरे. पण तो जातो कोठे, हे बघितले पाहिजे. जमिनीत युरियाचे आधी अमोनियात व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर होते. अमोनियाच्या रूपातील नत्र मातीच्या कणांना धरून राहते. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर चालते. पाणी खाली झिरपले की तेही मुळांच्या खाली जाते. हलक्या, मुरमाड रानात हे फार लवकर होते. काळ्या भारी रानात वेगळेच घडते. तेथे पाणी साचून राहते, जमिनीतली हवा संपते आणि काही जिवाणू नायट्रेटचा वायू करून तो हवेत सोडतात. आणि धो धो पावसात तर युरिया विरघळल्या विरघळल्या ओढ्याला लागतो. रान कसलेही असो, पैसे तुमचेच जातात.

आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे एकरी १६० किलो. त्याचे चार हप्ते : लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. जुलैच्या मध्याला लागण केली तर दुसरा मोठा हप्ता सप्टेंबरात, म्हणजे पूर्वा-उत्तरा नक्षत्रात येतो. हा हप्ता ६४ किलो नत्राचा. ४५ किलोच्या पिशवीत साधारण २१ किलो नत्र असते, तेव्हा या एका हप्त्याला एकरी तीन पिशव्या युरिया लागतो. जोराच्या पावसाच्या आदल्या दिवशी तो फेकला तर तीनपैकी किती पिशव्या उसाला मिळाल्या आणि किती ओढ्याला, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. आमचे सांगणे एवढेच की हा हप्ता तारखेला बांधून ठेवू नये. आठ आठवडे भरले पण आभाळ भरून आले आहे, तर चार दिवस थांबावे. उघडीप मिळाली, रान वाफशावर आले की सरीच्या बगलेला खत पेरून मातीआड करावे. एकदम तीन पिशव्या देण्याऐवजी पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा दिल्यास जोखीम निम्मी होते. २०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया निंबोळी तेल लावलेला येतो. त्याने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, पण पुराच्या पाण्यापुढे निंबोळीचे काही चालत नाही.

सलग पावसात ऊस पिवळा पडला की लगेच 'नत्र कमी पडले' म्हणून आणखी एक पिशवी टाकली जाते. अशा उसाचे एखादे बेट उपटून मुळे बघावीत. ती काळपट, कुजकट वासाची असली तर ऊस उपाशी नाही, गुदमरला आहे. मुळांना श्वास घ्यायला हवा नसेल तर समोर ठेवलेले खतही त्यांना उचलता येत नाही. अगोदर पाणी काढावे, वाफसा येऊ द्यावा, नवीन पांढऱ्या मुळ्या दिसल्या की मगच हलका हप्ता द्यावा.

पाणी काढणे म्हणजे निचरा. रानाच्या खालच्या अंगाला अडीच-तीन फूट खोल चारी आणि ती ओढ्याला जोडलेली, एवढी साधी गोष्ट आहे. पण खालच्या शेतकऱ्याशी बांधावरून वाद, म्हणून चारी नाही, अशी उदाहरणे प्रत्येक गटात आहेत. चारी बुजवून दोन सऱ्या जास्त धरल्या जातात आणि त्या दोन सऱ्यांपायी वरची वीस गुंठे पाण्याखाली राहते! आपल्या विहिरीच्या व नदीच्या पाण्यात क्षार असतात, पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतात. निचरा चांगला असेल तर पावसाळा हे क्षार धुऊन खाली नेतो. निचरा नसेल तर तेच पाणी जमिनीत वर चढते, उन्हाळ्यात उडून जाते आणि क्षार पृष्ठावर ठेवून जाते. चांगली रानं अशीच पांढरी पडली. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले व अशा जमिनी पुन्हा लागणीखाली आणल्या आहेत. खर्चाचे काम आहे, पण ओढ्यापर्यंतचा रस्ता सर्वांचा एक झाल्याशिवाय ते होतही नाही, हे तेथून शिकण्यासारखे आहे.

उपसा योजनेच्या पाळीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. 'पाळी सोडली तर पुन्हा महिनाभर पाणी नाही', या भीतीने पाऊस होऊनही पाणी घेतले जाते. ही भीती अगदीच खोटी नाही. परंतु पाऊस किती झाला हे मोजले तर निर्णय सोपा होतो. सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा डबा उघड्या जागी ठेवावा व सकाळी त्यातले पाणी पट्टीने मोजावे. एक इंच, म्हणजे २५ मि.मी. पाऊस झाला तर एका एकरावर सुमारे १ लाख लिटर पाणी पडते. पावसाळी हवेत वाढता ऊस दिवसाला ५-६ मि.मी. पाणी पितो. दोन इंच पाऊस जमिनीत मुरला असेल तर आठ-दहा दिवस पाण्याकडे बघण्याचे कारण नाही. उलट ५-७ मि.मी. ची भुरभुर झाली तर फक्त वरची माती काळी दिसते, मुळापर्यंत काही जात नाही. तेथे पाळी सोडू नये. पावसाच्या खंडात हीच गफलत होते. रोज झिमझिम चालू असते, आभाळ असते, म्हणून पाणी दिले जात नाही आणि फुटव्यांच्या ऐन वेळी ऊस तहानेला राहतो.

आडसाली लागणीचे क्षेत्र ठरवताना जुलैअखेर धरणात काय आहे, ते बघून ठरवावे. ही लागण दोन पावसाळे आणि मधला एक पूर्ण उन्हाळा बघते. उन्हाळ्यात जितक्या एकराला पाणी पुरेल तितकीच आडसाली करावी. राहिलेल्या रानात ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येताच गाडावा व १५ ऑक्टोबरनंतर पूर्वहंगामी धरावी. भारी काळ्या रानात जुलैच्या झडीत ओली लागण केली की टिपरी कुजते आणि नांग्या भरण्यात महिना जातो. तेथे कोरडी लागण करावी, किंवा उंचवट्यावर रोपे तयार करून उघडिपीत लावावीत. बेणे बुरशीनाशकात बुडवल्याशिवाय पावसाळी लागण करूच नये.

नदीकाठच्या सभासदांना २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगायला नकोत. पुरात सापडलेल्या उसाचे भवितव्य शेंड्यावर ठरते. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर पाणी ओसरल्यावर ऊस बहुधा सावरतो. शेंडा बुडून पोंग्यात गाळ बसला आणि तसाच काही दिवस राहिला तर कोंब मरतो. मग कांड्यांवरचे डोळे फुटतात, पांगशा येतात, कांड्यांना मुळ्या सुटतात आणि असलेली साखर त्या फुटव्यांत खर्च होते. असा ऊस उभा ठेवून वजन वाढत नाही. तो आधी तुटला पाहिजे.

शेवटी परतीचा पाऊस. ऊस पक्व होतो तो कोरड्या हवेत, थंड रात्रींत आणि जमिनीतली ओल हळूहळू कमी होत असताना. हस्त-चित्रा जोरात झाल्या की ऊस वाढतच राहतो, साखर भरायला वेळ लागतो आणि गाळपाच्या सुरुवातीचा उतारा खाली राहतो. त्यातच रान चिखलाचे असले की ट्रॅक्टर-ट्रॉली आत जात नाही, टोळ्या बसून राहतात. म्हणून तोडणीच्या कार्यक्रमात माळाची, निचऱ्याची रानं आधी आणि काळी, सखल रानं नंतर, असा क्रम लावावा लागतो. माझी लागण आधीची असताना शेजाऱ्याचा ऊस आधी का तुटला, असे विचारायला सभासद गट कार्यालयात येतात, त्यांनी हे कारणही ध्यानात घ्यावे. पूरबाधित उसाची नोंद पाणी ओसरल्यापासून आठवड्याच्या आत चिटबॉयकडे करावी, गट नंबर व अंदाजे गुंठे सांगावेत, म्हणजे पहिल्या पंधरवड्याच्या तोडीत तो धरता येईल.