बाळाचे तोंड येणे आणि स्तनपान

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला. त्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबरच ‘सेक्टरां’ची विस्तीर्ण वसाहत वसली व देशाच्या अनेक प्रांतांतून कुटुंबे तेथे आली, त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. अशा वसाहतीत प्रथमच आई झालेल्या स्त्रीजवळ पुष्कळदा माहेर नसते की सासर नसते. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे दिसले आणि त्याच सुमारास पाजताना वेदना होऊ लागल्या, म्हणजे ‘दूध नासले, पाजणे सोडा’ असे कोणी सांगताच ती ते खरे मानते. या सल्ल्याने होणारी हानी मूळ विकाराहून मोठी असते.

हा विकार कँडिडा अल्बिकन्स नावाच्या सूक्ष्म बुरशीमुळे होतो. ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात व त्वचेवरही अल्प प्रमाणात असते. इतर जीवाणू तिला वाढू देत नाहीत. आईला किंवा बाळाला प्रतिजैविक औषधे दिली असता हे जीवाणू मरतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. नवजात बालकाची प्रतिकारशक्ती अपुरी असल्यामुळे त्याच्या तोंडात ती सहज फोफावते. ऊब व ओलावा तिला मानवतात. उन्हाळ्यात छत्तीसगढचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. घामाने भिजलेली, घट्ट वस्त्रे तिला पोषकच ठरतात. मधुमेही मातेलाही हा उपद्रव अधिक संभवतो.

ओळख. बाळाच्या जिभेवर दुधाचा पांढरा थर असतो. तो ओल्या मऊ फडक्याने सहज निघतो. बुरशीचे चट्टे मात्र गालांच्या आतील बाजूस, हिरड्यांवर व ओठांच्या आतही असतात. ते सहज पुसले जात नाहीत आणि खरवडल्यास खालची त्वचा लाल होते, क्वचित रक्तही येते. म्हणून ते खरवडू नयेत. पूर्वी वेदना नसताना अचानक दोन्ही स्तनाग्रांची आग होणे, ती पाजून झाल्यावरही टिकणे, तेथील त्वचा गुलाबी, चकचकीत व खाजरी होणे, ही मातेची लक्षणे होत. तथापि स्तनाग्र दुखण्याचे सर्वांत सामान्य कारण बाळाने स्तन नीट तोंडात न धरणे हे आहे. म्हणून प्रथम पाजण्याची पद्धत जाणत्याकडून तपासून घ्यावी. एकच स्तन लाल, कठीण व गरम होऊन ताप आला असेल, तर तो वेगळा विकार समजून त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत.

उपचार. माता व बालक या दोघांवरही एकाच वेळी उपचार करावे लागतात. एकालाच औषध दिले तर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे परत जाते. या बुरशीवरील निस्टॅटिन हे औषध एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन या दोन अमेरिकन संशोधक महिलांनी १९५० मध्ये जगापुढे ठेवले. न्यूयॉर्क राज्यावरूनच त्याला ते नाव मिळाले. हे औषध, किंवा क्लोट्रिमॅझोलसारखा मुखलेप, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पाजून झाल्यावर बाळाच्या तोंडात लावतात. मातेच्या स्तनाग्रांना बुरशीनाशक मलम लावतात. घट्ट मुखलेप लहान अर्भकाच्या घशात अडकू शकतो, म्हणून तो थोडाथोडा व घशापासून दूर लावावा. चट्टे दिसेनासे झाले तरी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. जांभळे औषध अनेक वर्षे वापरात आहे. परंतु तीव्र द्रावणाने तोंडात व्रण होऊ शकतात, म्हणून ते आपल्या मनाने लावू नये.

टाकणखाराची लाही मधात कालवून चोळण्याचा जुना घरगुती उपाय सर्वथा वर्ज्य करावा. टाकणखार अर्भकाला विषारी आहे आणि मधातील जीवाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला प्राणघातक पक्षाघात होऊ शकतो.

प्रतिबंध. पाजण्यापूर्वी व लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवावेत. स्तनाग्रे कोरडी ठेवावीत, वस्त्रे सुती व सैल असावीत आणि ती उन्हात वाळवावीत. चोखणी व बाटली शक्यतो टाळावी. वापरलीच तर रोज वीस मिनिटे उकळावी. उपचार चालू असताना काढलेले दूध बाळाला ताजे देता येते; मात्र गोठवल्याने बुरशी मरत नाही, म्हणून ते पुढील वापरासाठी साठवू नये.

सात दिवसांत गुण न आला, विकार पुनःपुन्हा उद्भवला, बाळ पिईनासे झाले किंवा त्याचे वजन वाढेना, तर डॉक्टरांकडे जावे. छत्तीसगढात २००२ पासून ‘मितानिन’ ही गावातील व वस्तीतील आरोग्यसेविका आहे. मितानिन म्हणजे मैत्रीण. बाळंतिणीने शंका प्रथम तिला विचारावी, आणि तोपर्यंत पाजणे चालू ठेवावे. या विकाराने आईचे दूध दूषित होत नाही. पहिले सहा महिने तेच बाळाचे संपूर्ण अन्न आहे, आणि आजारी बाळाला त्याची गरज कमी नव्हे, अधिकच असते.