गुडघ्याचा अस्थिबंध आणि पुन्हा बर्फावर जाण्याची घाई : एक अभ्यास

आपल्या तालुक्यात बर्फ पडत नाही. तरीही यंदाच्या अहवालातील अभ्यासलेखासाठी आम्ही स्कीइंग करणाऱ्यांच्या गुडघ्याचा विषय निवडला, याचे काही वाचकांना नवल वाटेल. निमित्त घडले ते आपल्याच गावच्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणीचे. ती दर हिवाळ्यात औली किंवा गुलमर्ग येथे स्कीइंगसाठी जात असे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गुलमर्गच्या उतारावर ती पडली, गुडघ्यात 'टक्' असा आवाज झाला आणि सायंकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. मार्चमध्ये आपल्या अस्थिरोग विभागात तिच्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. घरी जाताना बिलाच्या खिडकीशी तिने आम्हांस एकच प्रश्न विचारला, आणि तो रकमेविषयी नव्हता. "साहेब, पुढच्या जानेवारीचं तिकीट काढून ठेवू ना?"

आम्ही वाणिज्य शाखेचे. तिला डॉक्टरांकडे पाठवून मोकळे झालो. परंतु प्रश्न मनात राहिला, कारण तो तिच्या एकटीचा नव्हता. कबड्डी खेळणारा महाविद्यालयीन विद्यार्थी आणि मोटारसायकलवरून घसरलेला दूधवाला यांचाही हाच अस्थिबंध तुटतो आणि दोघेही हेच विचारतात. या अस्थिबंधाचा अभ्यास मात्र स्कीइंगच्या क्षेत्रात विशेष बारकाईने झाला आहे. वाचनातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत. तरुणीची हकीकत तिच्या संमतीने देत आहोत.

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना तिरपा बांधणारा जो दोर आहे, त्यास अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट, थोडक्यात एसीएल, म्हणतात. नडगी पुढे सरकू नये व आतल्या बाजूस पिळली जाऊ नये, हे त्याचे काम. पूर्वी स्कीइंगमध्ये नडगीचे हाड मोडण्याचे प्रमाण मोठे होते. बूट पट्टीला धरून ठेवणारे आणि ठरावीक जोर येताच सोडणारे खटके, म्हणजे बाइंडिंग, सुधारत गेले तसे नडगीचे अस्थिभंग घटले. गुडघ्याला मात्र तो दिलासा मिळाला नाही. तोल मागे जाऊन माणूस जवळजवळ उकिडवा बसला, सारा भार एका पट्टीवर आला, की त्या पट्टीचा मागचा भाग बर्फात रुतून तरफेसारखे काम करतो आणि वाकलेला गुडघा आत पिळला जातो. जणू टाचेमागे दुसरे पाऊल उगवले आहे! बाइंडिंग हे नडगीवरचा जोर ओळखण्यासाठी बनलेले असते. हा मागून येणारा पीळ त्यास कळत नाही आणि खटका सुटत नाही.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील एटलिंगर, जॉन्सन व शीली या अभ्यासकांनी अशा पडण्याची चित्रफितींवरून छाननी केली. १९९३-९४ च्या हंगामात त्यांनी स्कीइंग केंद्रांवरील कर्मचाऱ्यांना पडावे कसे याचे शिक्षण दिले: तोल गेल्यावर मागे बसून सावरू नये, हात पुढे ठेवावेत, पाय जवळ असावेत, आणि पडल्यावर घसरणे पूर्ण थांबेपर्यंत उठण्याचा प्रयत्न करू नये. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार प्रशिक्षित गटातील गंभीर गुडघेदुखापती ६२ टक्क्यांनी घटल्या. कोणतेही यंत्र न घेता झालेली ही बचत पाहून आमच्यासारख्या हिशेबनिसाला समाधान वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या रुग्णाने नंतर कबूल केले की घसरत असतानाच उठण्याची धडपड तिने केली होती.

तुटलेला प्रत्येक एसीएल शस्त्रक्रियेनेच दुरुस्त करावा लागतो, असा सार्वत्रिक समज आहे. २०१० साली स्वीडनमधील संशोधकांनी १२१ तरुण, सक्रिय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली गेली. दुसऱ्या ५९ जणांच्या गटास आधी व्यायामोपचार आणि गरज पडल्यास नंतर शस्त्रक्रिया, असा मार्ग दिला. दोन वर्षांत दुसऱ्या गटातील केवळ २३ जणांना शस्त्रक्रिया लागली आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत उल्लेखनीय फरक आढळला नाही. व्यावसायिक खेळाडू त्यात नव्हते, हे ध्यानात ठेवावे. आपल्या रुग्णाचा गुडघा साधा जिना उतरतानाही निसटत होता, गादीही फाटली होती, म्हणून तिच्याबाबत शस्त्रक्रियेचा निर्णय झाला.

शस्त्रक्रियेत तुटलेला दोर शिवत नाहीत. बहुधा रुग्णाच्याच मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या स्नायुबंधाचा तुकडा घेऊन नवा दोर ओवतात. यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली आहे. ओवलेला दोर प्रारंभी मजबूत असतो, नंतर कमकुवत होतो, आणि मग हळूहळू जिवंत अस्थिबंधाचे रूप घेतो. शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या व पेशी भरते, त्या काळात, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तो नाजूक असतो. नेमक्या याच सुमारास सूज ओसरलेली असते, कुबड्या सुटलेल्या असतात आणि रुग्णास आपण बरे झालो असे वाटू लागते.

याचा अर्थ पाय हलवू नये असा मुळीच नाही. पूर्वी असे गुडघे प्लास्टरमध्ये दीर्घकाळ जखडून ठेवीत. अमेरिकेतील डॉ. शेलबोर्न यांना आढळले की जे रुग्ण सूचना मोडून लवकर पाय सरळ करतात व चालतात, त्यांचेच गुडघे चांगले होतात! १९९० साली त्यांनी ही द्रुत पद्धत मांडली. त्यामुळे आज पहिल्या दिवसापासून गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणे यांवर भर असतो. पुढे स्थिर सायकल, मग एका पायावर बैठका, काही महिन्यांनी धावणे, त्यानंतर उड्या. स्कीइंगसाठी भिंतीला टेकून हवेतल्या खुर्चीत बसणे, बाजूला उड्या मारणे आणि थकलेल्या पायांनीही गुडघा आत न वळू देणे, हे वेगळे शिकावे लागते.

मग बर्फावर केव्हा? ओस्लो येथील संशोधकांनी २०१६ साली १०६ रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवले, तितका प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका निम्म्याने, नेमके सांगायचे तर ५१ टक्क्यांनी, कमी झाला. केवळ महिने मोजणेही पुरेसे नाही. पायाची ताकद व एका पायावरील उड्यांचे अंतर दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरले पाहिजे. ही कसोटी न उतरता खेळात गेलेल्यांपैकी ३८.२ टक्के पुन्हा जायबंदी झाले. उतरून गेलेल्यांपैकी ५.६ टक्के.

जगप्रसिद्ध खेळाडूंकडे पाहून धीर घेणारे रुग्ण पुष्कळ. अमेरिकेच्या पिकाबो स्ट्रीटचा एसीएल डिसेंबर १९९६ मध्ये तुटला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकमध्ये तिने सुपर-जी शर्यतीचे सुवर्णपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकले. मधे चौदा महिने होते, हे कोणी सांगत नाही. लिंडसे व्हॉनची कथा अधिक बोलकी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रियातील श्लाडमिंग येथे तिचा उजवा गुडघा मोडला. पुढच्या फेब्रुवारीत सोची ऑलिंपिक होते. नोव्हेंबरमध्ये सराव करताना त्याच गुडघ्याला पुन्हा इजा झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. घाई हेच एकमेव कारण होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल; पण तारीख गुडघ्याने नव्हे, पंचांगाने ठरवली होती, एवढे खरे. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती डिसेंबर २०१४ मध्ये परतली आणि जानेवारी २०१५ मध्ये ६३ वा विश्वचषक विजय मिळवून ॲनेमारी मोझर-प्रोल हिचा विक्रम तिने मोडला.

आता आमच्या घरचा आहेर. वरील वाचन झाल्यावर आम्ही आपल्या रुग्णालयातील पावतीपुस्तके काढली. शस्त्रक्रियेची पावती प्रत्येकाची आहे. भौतिकोपचाराच्या पावत्या सहाव्या आठवड्यानंतर विरळ होत जातात. फी दर खेपेस घेतली जात होती. त्यात एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळवली, तर न दुखणाऱ्या गुडघ्यासाठी कोण येईल? रुग्ण बेफिकीर आहेत, असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. वास्तविक आकारणीची रीतच त्यांना घरी बसवत होती. शिवाय घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर 'सहा महिन्यांनंतर पूर्ववत हालचालीस हरकत नाही' असे छापील वाक्य होते. ते कोणी व केव्हा घातले याचा माग लागला नाही. विश्वस्त मंडळाच्या मंजुरीने ते काढून टाकले असून नऊ महिन्यांच्या भौतिकोपचाराची रक्कम आता शस्त्रक्रियेच्या एकूण आकारणीतच धरली जाते. आधी भरलेल्या पैशांसाठी तरी माणूस येतो.

त्या तरुणीने जानेवारीचे तिकीट काढलेच होते. डिसेंबरात, नऊ महिने पूर्ण होऊन गेल्यावर, तिची उड्यांची चाचणी झाली. शस्त्रक्रिया झालेला पाय नव्वदच्या बराच खाली राहिला. ती आमच्या कार्यालयात बसून रडली आणि मग तिने तिकीट रद्द केले. पुढचे वर्ष तिने पुण्यात व्यायाम चालू ठेवला व दर दीड-दोन महिन्यांनी येथे येऊन तपासणी करून घेतली. यंदाच्या जानेवारीत ती गुलमर्गला गेली. जाण्यापूर्वी तिने गुडघ्याला आधार देणारा ब्रेस घेतला. कोलोरॅडोतील ८२० कर्मचाऱ्यांच्या २००६ सालच्या अभ्यासात, एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या पण ब्रेस न घालता स्कीइंग करणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता २.७ पटींहून अधिक आढळली होती. तिचे वजन मधल्या काळात बदलले होते, म्हणून बाइंडिंगचा जोरही तिने तेथे नव्याने जुळवून घेतला. पहिले दोन दिवस ती शिकाऊ मुलांच्या उतारावरच राहिली.

परतल्यावर ती आम्हांस भेटून गेली आणि व्यायामाची दोन वह्यांतली रोजनिशी भौतिकोपचार विभागास देऊन गेली. त्यात कंटाळा आलेले दिवसही प्रामाणिकपणे नोंदवले आहेत. मूळ वह्या भेटवस्तूंच्या नोंदवहीत नोंदवल्या असून छायाप्रती विभागात पाहावयास मिळतात. सध्या एक प्रत कबड्डीच्या त्या विद्यार्थ्याकडे आहे.