कागदावरचे सूर

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• वाद्यवृंद व समूहगान यांना स्वरलेखाची गरज का भासते, हे सांगता येईल.
• विस्मृतीत गेलेली एक थोर रचना पुन्हा लोकांसमोर कशी आली, हे स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

आपल्याकडे गाणे गुरुमुखातून शिष्याकडे येते. रागाची चौकट तीच राहते. पण तिच्या मर्यादेत गायक प्रत्येक मैफलीत नवी मांडणी करतो. युरोपातील वाद्यवृंद आणि चर्चमधील समूहगान यांची रीत वेगळी आहे. तेथे एकाच क्षणी कोणी उंच स्वर गातो, तर कोणी खालचा. व्हायोलिनची ओळ एक, तर बासरीची दुसरी. कोणी केव्हा गावे आणि केव्हा थांबावे, हे रचनाकाराने आधीच ठरवलेले असते. हे सारे केवळ स्मरणावर सोपवणे अवघड असते. म्हणून ते पाच आडव्या रेघांवर चिन्हांनी लिहितात. चिन्ह जितके वर, तितका स्वर उंच; आणि चिन्हाच्या आकारावरून स्वर किती काळ टिकवायचा, ते कळते. सर्वांच्या ओळी एकाखाली एक मांडलेला समग्र स्वरलेख संचालकापुढे असतो. वादकापुढे मात्र त्याच्या वाट्याचीच पाने असतात. पूर्वी अशी पाने बहुधा हाताने नकलून काढावी लागत.

जर्मनीतील लाइपझिग शहरात योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) हे १७२३ पासून सेंट टॉमस चर्चच्या संगीताची जबाबदारी सांभाळत होते. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही त्यांची रचना १७२७ साली प्रथम सादर झाली, असे अभ्यासक मानतात. ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची ही कथा दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद मिळून सांगतात. १७३६ च्या सुमारास बाख यांनी तिची स्वहस्ते सुवाच्य प्रत तयार केली. बायबलमधील वचने त्यांनी तांबड्या शाईने लिहिली. पुढे पाने खराब झाली, तेव्हा त्यांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवून नष्ट झालेले स्वर पुन्हा लिहिले. आपली रचना टिकावी, ही तळमळ त्या पट्ट्यांतून आजही जाणवते.

बाख यांच्या मृत्यूनंतर त्यांची हस्तलिखिते वारसांत वाटली गेली. काही जपली गेली, काही कायमची हरवली. १७३१ साली सादर झालेल्या ‘सेंट मार्क पॅशन’चे शब्द आज उपलब्ध आहेत; पण तिचा स्वरलेख सापडत नाही. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ कागदावर सुरक्षित राहिली, तरी श्रोत्यांच्या कानांपासून ती दूरच होती.

अशा वेळी एका आजीने आपल्या किशोरवयीन नातवाला या स्वरलेखाची नक्कल भेट दिली. तो नातू म्हणजे फेलिक्स मेंडेल्सन. ही रचना लोकांनी ऐकलीच पाहिजे, असा ध्यास त्यांनी घेतला. त्यांचे गुरू झेल्टर प्रथम राजी नव्हते; पण शिष्याच्या निश्चयापुढे त्यांनी संमती दिली. ११ मार्च १८२९ रोजी बर्लिन येथे वीस वर्षांच्या मेंडेल्सन यांच्या संचालनाखाली दीडशेहून अधिक गायकांनी ही रचना सादर केली. तिचे काही भाग गाळले होते, तरी श्रोते भारावून गेले. पुढच्याच वर्षी स्वरलेख छापून प्रसिद्ध झाला. १८५० मध्ये स्थापन झालेल्या ‘बाख संस्थे’ने त्यांच्या उपलब्ध रचना खंडशः प्रकाशित केल्या. या कामाला सुमारे अर्धशतक लागले.

स्वरलेख म्हणजे संगीत नव्हे. तो स्वतः मुकाच असतो. परंतु तो नसता, तर मेंडेल्सन यांच्या हाती काहीच आले नसते. आणि मेंडेल्सन नसते, तर ती पाने किती काळ मुकी राहिली असती, कोण जाणे! जपणारा हात आणि गाणारा कंठ या दोहोंमुळेच कला पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.

शब्दार्थ

स्वरलेख – चिन्हांनी लिहिलेले संगीत
सुवाच्य – सहज वाचता येईल असे
ध्यास – सतत लागलेली ओढ
खंडशः – एकेका खंडाने

पाठगत प्रश्न

१. समग्र स्वरलेख आणि वादकाची पाने यांत कोणता फरक आहे?
२. ‘सेंट मार्क पॅशन’ आणि ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ यांच्या वाट्याला आलेल्या भिन्न गती स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील वा गावातील एखादे गाणे, ओवी किंवा आरती लिहून ठेवली नाही, तर काय होईल? पाच-सहा वाक्यांत लिहा.