कुंद्याचे गणित

रविवारी मेसमध्ये गुलाबजाम असले की आमच्या टेबलावर मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "तुला चालतं का रे?" आणि दुसरा, "नाही चालत ना? मग तुझा मी घेऊ?" दुसऱ्या प्रश्नामागची कळकळ मी चांगली ओळखून आहे. पहिल्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा लेख.

मला टाइप वन मधुमेह आहे. गेल्या मे महिन्यात सुट्टीसाठी बंगळूरला, बेळ्ळंदूरच्या आमच्या घरी गेलो असताना तो लक्षात आला. घरी पोहोचलो तेव्हा माझा पट्टा दोन भोके आत गेला होता. आईला वाटले, मेसचे जेवण आवडत नाही म्हणून मुलगा वाळला. मी दिवसभर घटाघटा पाणी पीत होतो आणि रात्री चार-चार वेळा उठत होतो. बाबा म्हणाले, बंगळूरचा उन्हाळा आता पूर्वीसारखा राहिला नाही. आठवड्याभरात जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा रक्त तपासले. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असायला हवी. माझी ४८६ होती. पाच दिवस रुग्णालयात राहावे लागले.

पालकांनी एवढी लक्षणे तरी ध्यानात ठेवावीत : खूप तहान, वारंवार लघवी, अचानक घटणारे वजन आणि न जाणारा थकवा. मूल असे दिसले तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी. उशीर झाला तर रक्तात आम्ल साठते आणि जिवावर बेतू शकते.

हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही

आपण खाल्लेल्या भाताची, पोळीची, फळाची शरीरात ग्लुकोज नावाची साखर होते. ती रक्तातून पेशींत जायला इन्सुलिन लागते. इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. पहारेकऱ्याने आपल्याच माणसांवर गोळी चालवावी तसे. त्यामुळे इन्सुलिन बाहेरून घ्यावे लागते. मी दिवसातून चार वेळा घेतो.

माझ्या आजोबांनाही मधुमेह आहे, पण तो टाइप टू. त्यांचे स्वादुपिंड अजून थोडेफार काम करते, म्हणून त्यांना गोळ्या पुरतात. त्यांनी मला बेळगावहून फोनवर कारल्याचा रस प्यायला सांगितले. मी प्यायलोही. पण माझ्या शरीरात जे तयारच होत नाही, ते कारले कुठून आणणार?

डबा फडताळावर गेला, त्याची गोष्ट

रुग्णालयातून घरी आलो त्या दिवशी आईने घरातली साखर, गूळ, बिस्किटे, जॅम सगळे शेजारी देऊन टाकले. माझ्यामुळे घरातल्या सगळ्यांचे गोड बंद झाले. दोन दिवसांनी मला भेटायला आजी बेळगावहून रात्रीच्या बसने आली. तिने नेहमीप्रमाणे स्वतः केलेला कुंदा आणला होता. कुंदा म्हणजे दूध आटवून आणि साखर घालून परतलेली बेळगावची खास मिठाई. आईने डबा मुकाट्याने फडताळावर सर्वांत वर ठेवला.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी स्टूल घेतले. चार चमचे खाल्ले आणि इन्सुलिन घेतले नाही, कारण इन्सुलिनच्या पेनचा आवाज झाला असता. सकाळी साखर ३४२. "कशामुळे वाढली?" आईने विचारले. "माहीत नाही," मी म्हणालो. दुसऱ्या रात्रीही तेच. आईने डॉक्टरांना फोन केला. त्यांना आईने सांगितलेलीच माहिती होती. जेवण ठरल्याप्रमाणे, डोस ठरल्याप्रमाणे आणि तरी सकाळी साखर जास्त. त्यांनी रात्रीचे इन्सुलिन वाढवायला सांगितले.

तिसऱ्या रात्री डोस वाढला आणि डबा संपलेला होता. पहाटे तीनला मी घामाने भिजून जागा झालो. हात थरथरत होते आणि आईला हाक मारायला शब्द सापडत नव्हता. साखर ५२. आजीने ग्लासात साखरपाणी केले. घरात साखर नव्हतीच, ती शेजारचे दार वाजवून आणावी लागली. अर्ध्या तासाने मी सगळे खरे सांगितले.

आजी रागावली नाही. पण पुढच्या तपासणीला ती आमच्याबरोबर आली आणि आहारतज्ज्ञ मॅडमना तिने सरळ विचारले, "ह्याला कुंदा द्यायचा तर किती द्यायचा ते सांगा." मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमच्या कुंद्यात काय काय आणि किती घालता ते आधी मला सांगा."

मला तेव्हा पहिल्यांदा कळले की बंदी घातलेला पदार्थ चोरून खाल्ला जातो, आणि चोरून खाल्लेल्याची नोंद नसते. कुंद्याने साखर वाढली होती. ती इन्सुलिनने उतरली असती. माझ्या खोट्याने मात्र डॉक्टरांचा हिशेब चुकवला.

मोजायचे कसे?

रक्तातली साखर मुख्यतः कर्बोदकांनी वाढते. म्हणून ताटातली कर्बोदके ग्रॅममध्ये मोजायची आणि त्या प्रमाणात इन्सुलिन घ्यायचे. किती ग्रॅमला एक युनिट, हे प्रत्येकाचे वेगळे असते आणि डॉक्टरच ते ठरवतात. माझे सध्या १० ग्रॅमला एक युनिट आहे. ते दुसऱ्या कोणी वापरू नये.

आम्ही स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. काही आकडे आता तोंडपाठ झाले आहेत. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. मध्यम फुलक्यात साधारण १५, वाटीभर घट्ट वरणात साधारण १५, २०० मिली दुधात १०, एका केळ्यात २० ते २५. १०० ग्रॅम आंब्याच्या फोडींत सुमारे १५. अंडे आणि चिकन यांत जवळजवळ काही नाही. पालेभाज्या, काकडी, टोमॅटो यांत थोडे. बटाटा मात्र भाजीत मोजू नये, तो भाताच्या पंगतीतला.

आता आजीचा कुंदा. एक लिटर दुधात सुमारे ५० ग्रॅम दुधाची साखर असते. त्यात आजी १०० ग्रॅम साखर घालते. एकूण १५० ग्रॅम. तयार कुंदा वजनाला ३०० ग्रॅम भरला. म्हणजे कुंद्याच्या वजनाच्या निम्मी कर्बोदके. ३० ग्रॅम कुंदा घेतला तर १५ ग्रॅम. रात्रीच्या जेवणात दोन फुलके ३०, वरण १५, कोशिंबीर आणि पालेभाजी, वर हा कुंदा १५ : एकूण ६०, म्हणून माझे सहा युनिट. भात त्या दिवशी घेतला नाही. अशा रीतीने कुंदा आमच्या घरात परत आला, यावेळी ताटात.

त्याच महिन्यात आंब्याचेही कोडे सुटले. वाटीभर आमरसात दोन-तीन आंब्यांचा रस आणि वरून साखर असते, आणि पुऱ्यांबरोबर तो किती पोटात गेला हे कळत नाही. त्याऐवजी एका आंब्याच्या फोडी मोजून खाल्ल्या की चवही पुरते आणि हिशेबही.

गोड नाही म्हणून सुटका नाही

बेळ्ळंदूरला आमच्या घराजवळ एक दर्शिनी आहे. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचे उपाहारगृह. रविवारी सकाळी आम्ही तिथे जातो. तिथला केसरी भात, म्हणजे आपला शिरा, पाहून सगळे मला सावध करतात. पण शेजारी ठेवलेल्या खारा भाताबद्दल कोणी बोलत नाही. तो म्हणजे तिखट उपमा, आणि त्यातही रवाच असतो. अय्यंगार बेकरीतला खारा बन तिखट असला तरी मैद्याचा. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या बिस्किटातही मैदा असतो. म्हणून पाकिटावरचे मोठे शब्द सोडून मागच्या बाजूची 'कार्बोहायड्रेट' ही ओळ वाचावी. आणि "गूळ चालतो" हे ऐकून मी थकलो. गूळसुद्धा साखरच आहे.

तेल-तूप जास्त असले की साखर उशिरा वाढते. मसाला डोसा खाल्ल्यावर दोन तासांनी आकडा छान दिसतो आणि चार तासांनी दगा देतो. म्हणून मी बहुतेक वेळा दोन इडल्या, एक वडा, सांबार आणि बिनसाखरेची कॉफी घेतो. केसरी भात खायची इच्छा झाली तर बाबांबरोबर अर्धा-अर्धा. रिकाम्या पोटी एकटे गोड खाण्यापेक्षा जेवणाबरोबर खाल्लेले बरे, हे मी काट्यावर आणि ग्लुकोमीटरवर दोन्हीकडे पाहिले आहे. इन्सुलिनही साधारण १५ मिनिटे आधी घ्यावे लागते. मेसमध्ये रांगेत उभे राहून घेतलेले इन्सुलिन उशिराचेच ठरते.

गोड हेच औषध असते तेव्हा

जूनमध्ये शाळेत परतण्याआधी एका संध्याकाळी सोसायटीत बास्केटबॉल खेळताना मला अचानक घाम फुटला आणि समोरचा मित्र दोन दोन दिसू लागला. साखर ५८. मित्राने धावत जाऊन चॉकलेट आणले. त्याचे मन चांगले होते, पण चॉकलेटमधल्या चरबीमुळे साखर हळू चढते. अशा वेळी लागते ती तीन चमचे साखर पाण्यात, किंवा ग्लुकोजची पावडर, किंवा अर्धा कप फळांचा रस : सुमारे १५ ग्रॅम. १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासायचे. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. नंतर पोळी किंवा बिस्किटे. व्यायामानंतर साखर रात्रीसुद्धा उतरू शकते, म्हणून क्रॉस-कंट्रीच्या दिवशी मी झोपण्यापूर्वी तपासतो.

कॅडेट मित्रांना एवढेच सांगतो. मी परेडमध्ये गोंधळलो, चिडलो, थरथरलो तर मला एकट्याला एम. आय. रूमला पाठवू नका. आधी साखर द्या, मग बरोबर चला. मी शुद्धीवर नसलो तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

एक सैनिक डॉक्टर

इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग हे कॅनडाच्या सैन्यात डॉक्टर होते. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये काम्ब्रेच्या लढाईत ते जखमी झाले, तरी इतर जखमींवर उपचार करीत राहिले. त्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. १९२१ मध्ये टोरांटोला त्यांनी चार्ल्स बेस्ट यांच्यासह इन्सुलिन वेगळे केले. त्याआधी माझ्यासारख्या मुलांवर एकच उपाय होता, जवळजवळ उपाशी ठेवणे. जानेवारी १९२२ मध्ये पहिले इन्सुलिन मिळालेला लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता आणि त्याचे वजन सुमारे ३० किलो उरले होते. तो आणखी १३ वर्षे जगला. पेटंटचे हक्क संशोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले. १४ नोव्हेंबरला आपण बालदिन साजरा करतो. तोच बँटिंग यांचा जन्मदिन आणि जागतिक मधुमेह दिन आहे.

शोध लागला तरी औषध प्रत्येकाला परवडतेच असे नाही. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी गरीब घरांतल्या टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन मिळावे म्हणून १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट सुरू केला. हे वाचल्यापासून मी पेनमधला एक थेंबही वाया घालवत नाही.

पुढे काय?

इन्सुलिन घेणारा उमेदवार सैन्यदलांच्या वैद्यकीय निकषांत बसत नाही. एनडीएचे स्वप्न घेऊन मी या शाळेत आलो होतो. ही गोष्ट कळली तो दिवस ४८६ च्या आकड्यापेक्षा जड गेला. ती मी अजून पूर्ण पचवलेली नाही. पण बंगळूरला डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे वर्दीशिवायही देशाच्या संरक्षणाचे काम होते. सध्या नजर तिकडे आहे. वसीम अक्रमला १९९७ मध्ये हाच आजार झाला आणि त्यानंतर तो २००३ च्या विश्वचषकापर्यंत खेळला, हेही मी लिहून ठेवले आहे. सीबीएसईने २०१७ पासून टाइप वनच्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच आणि पाण्याची छोटी बाटली नेण्याची परवानगी दिली आहे. ज्या पालकांना ही माहिती नसेल, त्यांच्यासाठी मुद्दाम इथे देत आहे.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजी बेळगावहून आली होती. फराळाच्या प्रत्येक डब्यावर तिने कागद चिकटवला होता : बेसनाचा लाडू, एक, १५ ग्रॅम, चकली, एक, ६ ग्रॅम. कुंद्याच्या डब्यावर लिहिले होते, "निम्मे." तो डबा आता माझ्याबरोबर हाउसमध्ये आहे आणि रात्रीच्या जेवणानंतर मागणाऱ्याला मिळेल. त्याच्या शेजारी, माझ्या कपाटाच्या वरच्या खणात उजवीकडे, ग्लुकोजचा निळा डबा आहे. त्या खणाला मी कुलूप लावत नाही. तो डबा कुठे आहे, हे तुमच्यापैकी प्रत्येकाला माहीत असावे.