रुग्णालयाचे बिल वाचताना

आमच्या वसतिगृहात दर महिन्याच्या अखेरीस भोजनगृहाचा हिशेब फलकावर लागत असे आणि तो तपासण्याचे काम वरच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांकडे असे. ज्वारी किती आली, तेल किती लागले, कोणती पावती जोडलेली नाही, हे विचारताना आम्हाला कधी संकोच वाटला नाही आणि विचारले म्हणून कोणी रागावलेही नाही. तीच आम्ही मुले आज रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरपुढे उभी राहतो तेव्हा आकडा ऐकून मान खाली घालतो आणि पैसे मोजतो. माणूस आत खाटेवर असताना हिशेब विचारणे आम्हाला कमीपणाचे वाटते. या संकोचाची किंमत आमच्याच माणसांना मोजावी लागताना आम्ही पाहिली आहे, म्हणून हा लेख.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका वर्गमित्राच्या आईच्या खुब्याचे हाड मोडले. शहरातील एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि डिस्चार्जच्या दिवशी १,३८,४०० रुपयांचे बिल हाती आले. ते एका पानाचे होते. खोली, डॉक्टरांची फी, औषधे, तपासण्या, इतर, अशा पाच ओळी आणि खाली बेरीज. मित्राने बहिणीचे दागिने गहाण ठेवण्याची तयारी केली होती. आम्ही तिघे त्याच्यासोबत गेलो आणि तपशीलवार बिल मागितले. दोन तासांनी अकरा पाने मिळाली. ती केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचली, तेव्हा चार गोष्टी आढळल्या. परत केलेल्या औषधांचे ३,२६० रुपये वजा झालेले नव्हते. एकच एक्स-रे दोनदा लागला होता, त्याचे ९०० रुपये. फिजिओथेरपीच्या दोन भेटी न झालेल्या, त्यांचे १,२००. खोलीचा एक दिवस जास्त, २,५००. एकूण ७,८६० रुपये कमी झाले. काउंटरवरील कर्मचाऱ्याने वाद घातला नाही. चूक दाखवताच त्याने दुरुस्ती केली. यातल्या बहुतेक चुका घाईतल्या नोंदींच्या असतात, असे आम्हाला वाटते. पण त्या रुग्णाच्या बाजूने झालेल्या आम्ही तरी पाहिल्या नाहीत.

तपशीलवार बिल मागणे ही मेहेरबानीची याचना नव्हे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावावयाचे असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही तपशीलवार बिलाचा, तसेच औषधे व तपासण्या आपल्या पसंतीच्या ठिकाणाहून घेण्याचा हक्क नमूद आहे. बिलाच्या वादावरून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, मृतदेह तर नाहीच. हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत २०१७ पासून केंद्र शासन ठरवते. बिलात स्टेंटची किंमत आणि कंपनीचे नाव वेगळे दाखवलेले असले पाहिजे.

विमा असलेल्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ती म्हणजे खोलीचे भाडे. अनेक पॉलिसींत दिवसाच्या भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का असते. तीन लाखांच्या विम्याला ती ३,००० रुपये होते. आपण ६,००० रुपयांची खोली घेतली, तर भाड्यातील फरक तर आपल्या अंगावर येतोच. शिवाय डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, परिचर्या यांचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकते. हे शुल्क ४०,००० असेल, तर विमा कंपनी २०,००० देईल. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही, हे बिल वाचताना पडताळून पाहावे. ‘थोडी बरी खोली घेऊ’ हा प्रेमाचा निर्णय असतो, पण तो पॉलिसी वाचल्यावर घ्यावा.

मित्राच्या प्रकरणातील खरी हानी मात्र त्या ७,८६० रुपयांत नव्हती. ते रुग्णालय एका सार्वजनिक न्यासाचे, म्हणजे धर्मादाय होते, हे आम्हाला डिस्चार्जनंतर समजले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. मित्राच्या आईकडे पिवळी शिधापत्रिका होती. ती घरी, पत्र्याच्या पेटीत. भरती करताना कोणी विचारली नाही आणि आम्हीही सांगितले नाही. दागिने गहाण पडले ते पडलेच.

म्हणून भरतीच्या पहिल्याच दिवशी तीन प्रश्न विचारावेत: रुग्णालय धर्मादाय आहे काय, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे काय, आणि अंदाजे खर्च लेखी मिळेल काय. धर्मादाय असेल तर वैद्यकीय समाजसेवकाला आणि योजनेत असेल तर आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्यापूर्वीच भेटावे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत असावा. फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण असून ती कॅशलेस आहे, पण ठरलेल्या उपचारांसाठी आणि अंगीकृत रुग्णालयांतच.

पुढे रोज संध्याकाळी चालू बिल मागावे. घरातील एकाने, शक्यतो खाटेजवळ न बसणाऱ्याने, एक वही ठेवावी: कोणते डॉक्टर केव्हा आले, कोणती तपासणी झाली, औषधे किती आणली, किती परत केली. ॲडव्हान्सची प्रत्येक पावती त्याच वहीत चिकटवावी. शंका असल्यास पैसे भरण्यापूर्वी लेखी द्यावी व पोच घ्यावी. रुग्णालयाच्या तक्रार निवारण कक्षात दाद लागली नाही, तर महानगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, अन्यत्र जिल्हा शल्यचिकित्सक वा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, आणि धर्मादाय रुग्णालय असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावे.

आमच्या त्या मित्राने बहिणीचे दागिने चौदा महिन्यांनी सोडवले. आता गावातले कोणी भरती होणार असे कळले, की तो आधी शिधापत्रिका शोधायला सांगतो.