घटक ५ : प्रारंभिक वाचनाचे अध्यापन आणि शिक्षकाचे भाषावैज्ञानिक प्रशिक्षण

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
• वाचनक्रियेचे दोन प्रमुख घटक स्पष्ट करता येतील.
• देवनागरीतील अक्षर आणि भाषेतील वर्ण यांतील फरक उदाहरणांसह सांगता येईल.
• मराठीचे लेखन व उच्चार यांत कोठे अंतर पडते, ते दाखविता येईल.
• नव्याने वाचू लागलेल्या मुलाच्या चुकांचे वर्गीकरण करता येईल.
• वाचन शिकविणाऱ्या शिक्षकाचे प्रशिक्षण कसे असावे, याविषयी साधार मत मांडता येईल.

५.२ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण मराठीची वर्णव्यवस्था आणि देवनागरी लिपीची वैशिष्ट्ये यांचा परिचय करून घेतला. ‘या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय?’ असा प्रश्न संपर्कसत्रात हमखास विचारला जातो. प्रस्तुत घटक हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. आपल्यापैकी काही जण शिक्षक आहेत, काही अंगणवाडीत काम करतात आणि अनेकांच्या घरी पहिली-दुसरीत जाणारी मुले आहेत. या सर्वांना हा विषय जवळचा वाटेल.

आरंभी एक अनुभव सांगतो. प्राथमिक शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गात मी सहभागी शिक्षकांना मोडी लिपीतील वीस अक्षरे तासभर शिकविली आणि त्यानंतर त्याच अक्षरांतील चार ओळी वाचावयास दिल्या. भाषा मराठीच होती, शब्दही रोजच्या वापरातले होते. तरीही वीस-पंचवीस वर्षे अध्यापन केलेल्या एक बाई एकेका अक्षरावर बोट ठेवून अडखळत वाचू लागल्या. ओळ संपेपर्यंत आरंभीचा शब्द त्या विसरल्या होत्या. मागून कोणी तरी ‘लवकर वाचा’ म्हणाले. बाई खाली बसल्या आणि काही वेळाने म्हणाल्या, “हेच वाक्य मी वर्गात रोज उच्चारते.”

या अनुभवातून प्रस्तुत घटकाचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. ज्याला अस्खलित वाचता येते, त्याला वाचनातील अडचण दिसत नाही. लिपी त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती त्याला जणू पारदर्शक वाटते. म्हणून वाचन शिकविणाऱ्याला लिपी पुन्हा ‘दिसू लागणे’ हे त्याच्या व्यावसायिक प्रशिक्षणाचे पहिले कार्य होय.

५.३ विषयविवेचन

५.३.१ वाचनाचे दोन घटक

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचे एक सुटसुटीत प्रारूप मांडले. त्यांच्या मते वाचन हा लिपीची उकल आणि भाषेचे आकलन या दोन घटकांचा गुणाकार आहे. येथे ‘गुणाकार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बेरजेत एक संख्या शून्य असली तरी दुसरी शिल्लक राहते. गुणाकारात मात्र एक घटक शून्य झाला की उत्तरही शून्यच येते. मुलाला अक्षरे ओळखता येतात, पण वाक्याचा अर्थ कळत नाही. किंवा गोष्ट ऐकून नीट कळते, पण अक्षरे उलगडत नाहीत. या दोन्ही स्थितींत वाचन घडत नाही.

यावरून शिक्षकाला एक दिशा मिळते. मूल वाचत नसेल, तर दोहोंपैकी कोणता घटक दुबळा आहे, हे प्रथम शोधले पाहिजे. तोच मजकूर मुलाला वाचून दाखवावा आणि त्यावर प्रश्न विचारावेत. उत्तरे बरोबर आली, तर अडचण मुख्यतः लिपीच्या उकलीत आहे, असे मानण्यास आधार मिळतो.

५.३.२ अक्षर आणि वर्ण

रोमन लिपीत स्वर व व्यंजन यांची स्वतंत्र चिन्हे एकापुढे एक येतात. देवनागरीत तसे होत नाही. ‘क’ या चिन्हात क् आणि अ असे दोन वर्ण सामावलेले असतात. ‘का’ लिहिताना अ जातो आणि त्याची जागा आ घेतो. म्हणजे काना ही केवळ जोड नसून तो बदल आहे. मोठ्यांना हे स्वयंसिद्ध वाटते. मुलाला मात्र ते कोणी तरी दाखवावे लागते.

बाराखडीचा विचार करा. ३४ व्यंजने धरली, तर बारा रूपांप्रमाणे ४०८ अक्षरे होतात. जोडाक्षरे त्याहून वेगळी. मूल ही सर्व रूपे स्वतंत्र चित्रांसारखी पाठ करू लागले, तर त्याच्या स्मरणशक्तीवर अकारण भार पडतो. व्यंजने, स्वर आणि स्वरचिन्हे एवढीच मोजली, तर ही संख्या साठाच्या आसपास राहते. ‘क’ला काना दिला की जे घडते, तेच ‘म’ला काना दिल्यावर घडते, हा नियम मुलाच्या लक्षात आणून देणे म्हणजे ४०८चे ओझे साठावर आणणे होय. बाराखडी म्हणवून घेणारा शिक्षक आणि बाराखडीतील नियम दाखविणारा शिक्षक यांत हे अंतर आहे.

तरीही हे शिक्षण वेळ घेणारे आहे. देवनागरीप्रमाणेच अक्षरप्रधान असलेली कन्नड लिपी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. मुलांचे अक्षरज्ञान पहिल्या इयत्तेत पूर्ण न होता पुढील काही इयत्तांपर्यंत वाढत राहते, असे त्यात दिसून आले. तेव्हा पहिलीच्या अखेरीस जोडाक्षरांवर अडखळणारे मूल ‘कच्चे’ आहे, असा निष्कर्ष घाईचा ठरतो.

५.३.३ लेखन आणि उच्चार यांतील अंतर

‘मराठी जशी बोलली जाते तशी लिहिली जाते’ हे विधान आपण सर्वांनी ऐकले आहे. ते अंशतःच खरे आहे. पुढील बाबी पाहा.

(अ) अकाराचा लोप : ‘घर’ या शब्दातील र मध्ये लेखनदृष्ट्या अ आहे, पण उच्चार ‘घर्’ असा होतो. ‘कागद’ म्हणताना ग मधील अ ऐकू येतो. ‘कागदाला’ म्हणताना मात्र उच्चार ‘काग्दाला’ असा होतो. अक्षर तेच, शब्दही तोच, परंतु प्रत्यय लागताच उच्चार बदलला.

(आ) क्रमातील अंतर : पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहितात, तिचा उच्चार मात्र नंतर होतो. ‘पुस्तिका’ या शब्दात ती स् आणि त् या दोन्ही व्यंजनांच्या आधी दिसते. ‘सूर्य’ मधील रफार य च्या डोक्यावर असतो, पण र् चा उच्चार य च्या आधी होतो. डावीकडून उजवीकडे वाचावयास शिकविलेल्या मुलाला येथे नियम मोडल्यासारखा वाटतो.

(इ) जोडाक्षराची फोड : ‘पुस्तक’ हा शब्द लेखनात पु–स्त–क असा तीन अक्षरांचा आहे. उच्चारात त्याचे दोनच भाग पडतात : पुस्–तक्. डोळ्यांना जे एकत्र दिसते, ते कानांना वेगळे ऐकू येते.

(ई) एक चिन्ह, अनेक उच्चार : ‘पंख’, ‘मंच’, ‘घंटा’, ‘संत’ आणि ‘आंबा’ या शब्दांतील अनुस्वाराचे उच्चार अनुक्रमे ङ्, ञ्, ण्, न् आणि म् असे होतात. ‘घरं’ या अनेकवचनातील शीर्षबिंदू तर नासिक्य उच्चार दर्शवीतच नाही. ‘चाक’ मधील च दंततालव्य आहे, ‘चार’ मधील तालव्य. ‘झाड’ व ‘झेंडा’ यांतही हाच भेद आहे. लिपीत त्यांसाठी वेगळी खूण नाही.

(उ) ऱ्हस्व-दीर्घ : मराठी शब्दांतील अन्त्य इकार व उकार दीर्घ लिहावेत, हा १९६२ साली मान्य झालेल्या लेखननियमांतील नियम आपणांस परिचित आहे. ‘फूल’ पण ‘फुलात’, ‘गरीब’ पण ‘गरिबाला’ हे आपण नियमाने लिहितो. येथील चूक ही लेखनसंकेतातील चूक होय. तिच्यावरून मुलाला वाचता येत नाही, असे ठरविता येत नाही.

शिक्षकाने हे सारे मुलांना व्याख्यांसह शिकवावयाचे नाही. मूल कोठे व का थांबेल, याचा अंदाज आधी यावा, एवढ्यासाठी ते त्याला स्वतःला ठाऊक असले पाहिजे. ली शुलमन यांनी १९८६ साली शिक्षकाच्या या विशिष्ट ज्ञानाकडे लक्ष वेधले होते. विषय माहीत असणे आणि तो शिकणाऱ्याला कोठे अवघड जाईल हे माहीत असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५.३.४ चूक हा पुरावा

पुढे पाच मुलांचे वाचन दिले आहे. पाचही वाचने पुस्तकातील प्रमाण मजकुराहून वेगळी आहेत. पण त्यांची कारणे एक नाहीत.

१. ‘मदत’ हा शब्द मूल ‘म… द… त…’ असा वाचते व थांबते. अक्षरे येतात, ती जोडून शब्द ओळखण्याचा सराव नाही.
२. ‘धरण’ ऐवजी ‘घरण’ वाचते. ध आणि घ यांच्या आकारांत गल्लत होते. ही दोन अक्षरे शेजारी ठेवून फरक दाखवावा लागेल.
३. चित्राखाली ‘गाडी’ लिहिले आहे. मूल ‘बस’ वाचते. ते अक्षरांकडे न पाहता चित्रावरून तर्क करीत आहे.
४. ‘कागदाला’ हा शब्द ‘का-ग-दा-ला’ असा ग वर पूर्ण अकार देऊन वाचते. लिपीची उकल बरोबर आहे; वाचलेला शब्द बोलण्यातील शब्दाशी जुळवावयाचा राहिला आहे.
५. ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचते. येथे चूक आहे काय?

पाचव्या उदाहरणाकडे विशेष लक्ष द्या. मुलाच्या घरच्या बोलीत ण ऐवजी न उच्चारला जात असेल, तर त्याने लिपी उलगडली, शब्द ओळखला आणि अर्थही जाणला. वाचनाचे सर्व कार्य पूर्ण झाले. जो फरक उरला, तो बोलीचा आहे. वऱ्हाडीतील मुलाने ‘डोळा’ वाचून ‘डोया’ म्हटले, तरी तेच. अशा वेळी शिक्षकाने टोकले, वर्ग हसला, तर मूल एक चुकीचा धडा शिकते : आपल्या घरी बोलतात ती भाषा पुस्तकात चालत नाही. मग ते मोठ्याने वाचणेच टाळू लागते, आणि जे वाचत नाही त्याचे वाचन सुधारतही नाही. आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला न-ण वरून असे हसू आले असेल, तर या परिच्छेदाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रमाण उच्चार शिकवूच नये, असा याचा अर्थ नव्हे. तो अवश्य शिकवावा. परंतु बोलण्याच्या तासाला, एक आणखी रूप म्हणून, आणि वाचनाच्या चुकीपासून वेगळा ठेवून.

५.३.५ प्रशिक्षणाचे स्वरूप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त व्हावे आणि हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठावे, असे त्यात अभिप्रेत आहे. तिसरीची मर्यादा सकारण आहे. तोवर मूल वाचावयास शिकते. त्यानंतर परिसर अभ्यास असो वा गणितातील शाब्दिक उदाहरण, सर्व विषय वाचूनच शिकावे लागतात. येथे मागे पडलेले मूल एका विषयात नव्हे, तर सर्वच विषयांत मागे पडते.

हे उद्दिष्ट ज्या शिक्षकांच्या हातून साध्य व्हावयाचे, त्यांच्या प्रशिक्षणात पुढील चार अंगे असावीत.

(१) भाषावैज्ञानिक पाया : वर उल्लेखिलेल्या बाबींचे स्वतःच्या उच्चारावरून निरीक्षण. अपरिचित लिपी वाचण्याचा अनुभव हा याचा उत्तम आरंभ ठरतो.
(२) अक्षरांचा क्रम ठरविणे : वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानानुसार लावलेला आहे, तो शास्त्रशुद्ध आहे, पण वाचन शिकविण्यासाठी योजलेला नाही. क, म, ल, र आणि काना एवढे शिकविले, तरी ‘काम’, ‘कमल’, ‘माल’, ‘कलाकार’ असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. निवडक अक्षरे व स्वरचिन्हे यांचे छोटे गट करून शिकविण्यामागे हा विचार आहे.
(३) चुकांची नोंद : मुलाचे दोन मिनिटांचे वाचन ऐकून चुका जशाच्या तशा लिहिणे, त्यांचे वर्गीकरण करणे आणि पुढील आठवड्याचे अध्यापन त्यावरून ठरविणे.
(४) वर्गातील सोबत : एकदाच घेतलेल्या शिबिरातून माहिती मिळते, सवय बदलत नाही. अनुभवी सहकाऱ्याने वर्ग पाहावा, त्यावर चर्चा व्हावी आणि काही दिवसांनी पुन्हा पाहावे, अशी आवर्तने आवश्यक आहेत.

यांपैकी तिसरे अंग सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. त्यासाठी वही, पेन्सिल आणि न टोकता ऐकण्याचा संयम एवढेच लागते.

५.४ सारांश

वाचन हा लिपीची उकल आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार आहे. देवनागरीत अक्षर हे दृश्य एकक असून त्यात एकाहून अधिक वर्ण सामावलेले असतात. अकारलोप, चिन्हांचा क्रम, जोडाक्षरे, अनुस्वार आणि च-ज-झ यांचे दुहेरी उच्चार यांमुळे मराठीतही लेखन व उच्चार यांत अंतर पडते. अस्खलित वाचकाला हे अंतर जाणवत नाही, म्हणून शिक्षकाला ते प्रशिक्षणातून दाखवावे लागते. मुलाची चूक ही त्याच्या विचारपद्धतीचा पुरावा आहे. बोलीचा उच्चार ही मात्र वाचनाची चूक नव्हे.

५.५ आपली प्रगती तपासा

१. ‘सरकार’ या शब्दात लेखनात अक्षरे किती? उच्चारात कोणकोणत्या अकारांचा लोप होतो?
२. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील फरक वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा का आहे?
३. एका मुलाने ‘शाळा’ हा शब्द ‘शाया’ असा वाचला. शिक्षकाने प्रथम काय तपासावे?

उत्तरे :
१. चार अक्षरे. पहिल्या व अन्त्य र मधील अकाराचा लोप होऊन उच्चार ‘सर्कार्’ असा होतो.
२. पहिल्या शब्दाचा अर्थ समुद्र, तर दुसरा ‘दरी’चे अनेकवचन. र् च्या लेखनरूपावरूनच अर्थ वेगळा होतो.
३. मुलाच्या घरच्या बोलीत ळ ऐवजी य उच्चारला जातो काय, आणि शब्दाचा अर्थ त्याला कळला आहे काय, हे प्रथम तपासावे.

५.६ स्वाध्याय व उपक्रम

१. ‘मराठी जशी बोलली जाते तशी लिहिली जाते’ या विधानाचे सोदाहरण परीक्षण करा.
२. शिक्षकाच्या प्रशिक्षणात भाषाविज्ञानाचे स्थान सुमारे ३०० शब्दांत स्पष्ट करा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील पहिली ते तिसरीच्या एका मुलाला त्याच्या आवडीचा मजकूर वाचावयास सांगा. मध्ये थांबवू नका, दुरुस्ती करू नका. दोन मिनिटांतील प्रत्येक चूक मुलाने उच्चारली तशीच लिहून घ्या आणि ५.३.४ मधील प्रकारांनुसार तिचे वर्गीकरण करा. वाचन संपल्यावर मूल काय वाचत होते, ते त्यालाच सांगावयास लावा. ही वही पुढील संपर्कसत्रास सोबत आणावी.