ऑटिझमचं निदान करून घ्यावं का?

१. आधी स्वतःला विचारा, कळल्यावर काय करणार? माझ्यापुरतं उत्तर स्पष्ट होतं. चिंतेवरच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊनही लग्नघरातून, हळदीकुंकवातून परतल्यावर मला अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागायचं. कुणाशी भांडण नाही, कशाची भीती नाही. फक्त आवाज, अत्तरं, एकाच वेळी बोलणारी माणसं. हा थकवा चिंतेचा नसेल तर कशाचा, एवढंच मला हवं होतं.

२. ‘बायकांमध्ये कुठे असतो ऑटिझम?’ हे ऐकून मागे फिरू नका. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यांत ८ मुलगे होते. पुढच्याच वर्षी हान्स आस्पेर्गर यांनी लिहिलं तेही मुलग्यांवर. डॉक्टरांच्या मनातलं चित्र तिथून आलं. शिवाय आपल्याकडे मुलीला लहानपणापासून घोकवतात: पाहुण्यांसमोर ये, नमस्कार कर, हसून बोल. मी ते पाठ केलं. कुठल्या काकूंना काय विचारायचं, डोळ्यांत किती वेळ बघायचं, सगळं पाठ. शिकून घेतलेल्या अशा वागण्याआड लक्षणं लपू शकतात, हे डीएसएम-५ या २०१३ च्या अमेरिकन निकषांत मान्य केलंय. ते वाचताना मला रडू आलं.

३. आई असेल तर तिच्याशी बोला. ऑटिझम मोठेपणी उद्भवत नाही. तपासणाऱ्याला बालपणाचे दाखले लागतात. ‘माझ्यात काय कमी होतं?’ असं विचारलं तर आईला तो आपल्या संगोपनावरचा ठपका वाटतो. मी विचारलं, ‘आई, मी खेळायचे कशी गं?’ मग ती भातुकलीवर आली. भांडी उंचीप्रमाणे ओळीनं मांडायचीस, पण स्वयंपाक कधी केला नाहीस. कुणी एखादं भांडं हलवलं की घर डोक्यावर. परकराची जर टोचते म्हणून दिवाळीतही जुनाच फ्रॉक. आणि मग, ‘तुझे बाबा तरी काय वेगळे? भाजीचा रस भाताला लागला की ताटावरून उठायचे.’ मी त्याच रात्री सगळं वहीत उतरवलं. माळ्यावरची प्रगतिपुस्तकंही काढली. ‘हुशार आहे, पण मिसळत नाही’ हा शेरा जवळजवळ प्रत्येक इयत्तेत होता. तपासणीच्या वेळी सर्वांत जास्त उपयोग या वहीचा झाला.

४. वेळ घेण्याआधी फोनवर विचारा की प्रौढ बायकांची तपासणी करता का. बऱ्याच ठिकाणची व्यवस्था लहान मुलांसाठी असते. ‘लग्न झालंय, नोकरी करता, मग ऑटिझम कसला?’ असं म्हणून एका डॉक्टरांनी मला परत पाठवलं होतं. दुसरे शोधा: मानसोपचारतज्ज्ञ, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. इंटरनेटवरची ५० प्रश्नांची एक्यू चाचणी जरूर सोडवा, पण ते निदान नव्हे.

५. निदान वेगळं, प्रमाणपत्र वेगळं. यातच सर्वांत जास्त घोळ घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. पण नोकरीतल्या आरक्षणासारख्या लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. मी निदान घेतलं, प्रमाणपत्राच्या वाटेला गेले नाही, कारण मला त्याचा उपयोग नव्हता. सरकारी नोकरी शोधणारी मुलगी वेगळं ठरवेल, आणि तिनं बिनदिक्कत ठरवावं.

६. गोळ्या लगेच सुटतील असं धरून चालू नका. ऑटिझम बरा करणारं औषध नाही, आणि चिंता होती ती होतीच. बदललं ते समुपदेशन. पूर्वी माझ्या समुपदेशक ‘गर्दीत जा, सवय होईल’ म्हणायच्या. आता कुठे जायचं नाही, याची यादी आम्ही दोघी मिळून करतो.

७. निदानासाठी न जाणं हाही निर्णय असतो. माझ्या मैत्रिणीचा घटस्फोटाचा दावा चालू आहे. मुलाच्या ताब्याच्या वेळी हा कागद आपल्याविरुद्ध वापरतील, अशी तिला धास्ती आहे, म्हणून ती थांबलीय. मला तिचं पटतं. लोकलमध्ये ती कानात बोळे घालून बसते, रविवारची दुपार कुणालाही देत नाही. एवढ्यासाठी कुणाची सही लागत नाही. दाव्याचा निकाल लागला की बघू, म्हणते.